मॅकवर विंडोजचं काय चालतं आणि घोडं नेमकं कुठे अडतं

मॅकबुक घ्यायचं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण त्यावर विंडोजचं सगळं चालेल ना?" एक मित्र म्हणतो आरामात चालतं, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात घालू नकोस. दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याच्या मॅकवर जुनं 'जीटीए व्हाइस सिटी' मस्त चालतंय, दुसऱ्याला 'व्हॅलोरंट' खेळायचंय. तिसऱ्या कुणाला टॅली हवं असतं, आणि त्याचं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी सापडतं.

तिन्ही प्रोग्राम विंडोजचे, मॅकही तोच, मग उत्तरं तीन का? कारण प्रोग्राम संगणकाच्या पोटात किती खोलवर हात घालतो त्यावर सगळं ठरतं. वरच्या थरात काम उरकणाऱ्या प्रोग्रामची सोय लावता येते. थेट तळाशी जाणाऱ्याची लावता येत नाही, मग मॅक कितीही महागाचा असो. गेम जड आहे की हलका, नवा आहे की जुना, हे प्रश्न त्यानंतरचे.

चिप बदलली आणि सोपी वाट बंद झाली

२००६ पासून २०२० पर्यंतच्या मॅकमध्ये इंटेलची चिप असायची, म्हणजे विंडोजच्या लॅपटॉपमध्ये असते तीच जात. ॲपलने २००६ मध्येच 'बूट कॅम्प' दिलं. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात मॅकओएस, दुसऱ्यात खरंखुरं विंडोज, आणि संगणक सुरू करताना हवं ते निवडायचं. तेवढ्या वेळापुरता मॅक हा विंडोजचाच संगणक व्हायचा. घरात असा इंटेलवाला मॅक अजून धडधाकट असेल तर ही वाट आजही उघडी आहे. मात्र बूट कॅम्पची अधिकृत मजल विंडोज १० पर्यंतच आहे, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, जुने गेम खुशाल खेळा.

नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि चित्र पालटलं. ही चिप एआरएम जातीची. इंटेलसाठी लिहिलेल्या आज्ञा तिला कळतच नाहीत, आणि या मॅकवर बूट कॅम्पही नाही. त्यामुळे इथून पुढे जे लिहितोय ते एम मालिकेच्या मॅकबद्दल.

अशा मॅकवर विंडोजचा गेम सुरू करायचा तर तीन गोष्टी आडव्या येतात. त्याला विंडोज हवं, ते इथे नाही. त्याला चित्रं काढायला डायरेक्टएक्स हवं, तेही नाही. आणि त्याचा सगळा कोड इंटेलच्या चिपसाठी लिहिलेला, तीही नाही. या तिन्ही उणिवा भरून काढणारी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर आहेत आणि ती एकाच वेळी, एकमेकांवर रचून चालतात. हे इतकं बरं चालतं याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

वाइन: विंडोज नसताना विंडोजची सोय

पहिली उणीव भरून काढतं ते वाइन. हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, तोही लिनक्ससाठी, आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं कच्च्या आवृत्त्यांवर काढली त्यांनी!

कुठलाही प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही, तो सतत मागत असतो. ही फाइल उघडून दे, एवढी खिडकी दाखव, हा आवाज वाजव. विंडोजवर या मागण्या ठरावीक नावाच्या डीएलएल फाइलींकडे जातात. वाइनवाल्यांनी त्याच नावांच्या, त्याच मागण्या ओळखणाऱ्या डीएलएल स्वतः नव्याने लिहिल्या, फक्त आतून त्या काम करून घेतात मॅकओएसकडून. विंडोजचा प्रोग्राम इथे येतो तो सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखा: मागणं आपल्या घरच्या पद्धतीने, आणि सासूबाई निमूटपणे ते समोर आणून ठेवतात. वाटी कुठल्या फडताळातून आली हे त्याला कळायची गरज नसते.

एकदा आत डोकावून बघा, गंमत आहे. वाइन तुमच्या मॅकवर एक साधा फोल्डर बनवतं आणि त्यात 'ड्राइव्ह सी' नावाचा आणखी एक फोल्डर. प्रोग्रामला वाटतं ही संगणकाची सी ड्राइव्ह. त्यात 'प्रोग्राम फाइल्स' आहे, 'विंडोज' आहे, 'सिस्टम ३२' पण आहे. शेजारी दोन-तीन मजकुराच्या फाइली पडलेल्या असतात, आणि विंडोजची ती गूढ रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या सेटिंग्जची नोंदवही, ती म्हणजे या फाइली. टेक्स्टएडिटमध्ये उघडून चक्क वाचता येतात. मायक्रोसॉफ्टचं विंडोज यात कुठेच नाही, म्हणून त्याचं लायसन्सही लागत नाही. अख्खं विंडोज मागे चालत नसल्याने रॅमही वाचते.

वाइन थेट वापरणं म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करत बसणं. त्यापेक्षा बहुतेक लोक क्रॉसओव्हर घेतात. ते बनवणारी कोडवीव्हर्स ही कंपनी वाइनच्या कामातही मोठा वाटा उचलते. क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी 'बॉटल' करता येते, म्हणजे वर सांगितला तसा एक स्वतंत्र खोटा सी ड्राइव्ह. एकात काही बिघडलं तर ती बॉटल उडवायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही. पैसे पडतात, पण १४ दिवस फुकट वापरून बघता येतं, आणि आपला गेम चालतो की नाही हे समजायला एक संध्याकाळ पुरते. फुकटातलं 'व्हिस्की' नावाचं एक छान ॲप होतं, त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून त्याचंच नाव ऐकू येतं. मॅकओएस दरवर्षी बदलतं, तेव्हा मागे कुणीतरी सतत काम करणारं असेल असंच साधन धरावं असं माझं मत.

इथे व्हाइस सिटीची एक गोष्ट सांगायलाच हवी. हा गेम मॅकसाठी २०१० मध्ये रीतसर आला होता. तो ३२-बिटचा, म्हणजे जुन्या पिढीच्या चिपच्या पद्धतीने लिहिलेला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिटचे सगळे मॅक प्रोग्राम एका झटक्यात बंद केले, त्यात हाही गेला. विंडोजचा २००३ चा व्हाइस सिटीही ३२-बिटचाच. पण कोडवीव्हर्सने २०१९ च्याच डिसेंबरमध्ये क्रॉसओव्हर १९ आणून ३२-बिटचे विंडोज प्रोग्राम ६४-बिटच्या मॅकवर चालवून दाखवले. आता अशी परिस्थिती आहे की मॅकसाठी बनवलेला गेम मॅकवर उघडत नाही आणि विंडोजसाठी बनवलेला उघडतो.

रोझेटा आणि कोअरांची शिस्त

चिपचा प्रश्न ॲपलने स्वतःच सोडवला, आपल्या गरजेपोटी. एम१ आली तेव्हा मॅकचे बहुतेक प्रोग्राम इंटेलसाठीच लिहिलेले होते, ते चालते ठेवायला रोझेटा २ दिलं. ते इंटेलच्या आज्ञांचं एआरएमच्या आज्ञांमध्ये भाषांतर करतं. वाइन या रोझेटावर बसून चालतं, म्हणून त्याच्या पोटातला विंडोजचा गेमही आपोआप भाषांतरित होतो.

असं भाषांतर एरवी फार हळू चालतं. रोझेटा वेगवान का, याचं एक कारण चिपमध्येच आहे. आजच्या चिपमध्ये अनेक कोअर एकाच मेमरीवर काम करतात. इंटेलचा नियम कडक: एका कोअरने आधी 'क' लिहिलं आणि मग 'ख', तर बाकीच्या कोअरना ते त्याच क्रमाने दिसलं पाहिजे. एआरएममध्ये ही सक्ती नसते, सोयीप्रमाणे क्रम पुढेमागे होतो. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम त्या कडक क्रमावर विसंबून असतात. तो सॉफ्टवेअरने पाळायचा तर जागोजागी थांबे घालावे लागतात, आणि वेग कोसळतो. ॲपलने एम चिपमध्येच इंटेलसारखा क्रम पाळायची सोय करून ठेवली. रोझेटातला प्रोग्राम चालू असतो तेव्हा चिप ती शिस्त पाळते, एरवी आपल्या पद्धतीने वागते.

चित्रं काढणारा मधला थर

गेमचं खरं ओझं ग्राफिक्सवर. विंडोजचे गेम डायरेक्टएक्समध्ये बोलतात, मॅकला फक्त मेटल ही ॲपलची स्वतःची ग्राफिक्सची भाषा कळते. बरीच वर्षं ही वाट दोन टप्प्यांची होती. डीएक्सव्हीके हे सॉफ्टवेअर डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कन या तिसऱ्याच ग्राफिक्सच्या भाषेत नेतं, मग मोल्टनव्हीके व्हल्कनच्या मागण्या मेटलमध्ये. जुन्या गेमांना अजूनही ही जोडी चांगली पुरते. डायरेक्टएक्स १२ चे नवे गेम मात्र इथे रखडायचे.

जून २०२३ मध्ये ॲपलने 'गेम पोर्टिंग टूलकिट' जाहीर केलं. त्यात डीथ्रीडीमेटल होतं, डायरेक्टएक्स ११ आणि १२ थेट मेटलमध्ये नेणारं. हेतू असा की गेम कंपन्यांनी आपला गेम मॅकवर कसा दिसेल ते तपासावं आणि मग मॅकची वेगळी आवृत्ती काढावी. लोकांनी काय केलं? त्याच आठवड्यात बाजारात आलेला 'डायब्लो ४' मॅकवर चालवून दाखवला! पुढे डीथ्रीडीमेटल क्रॉसओव्हरमध्येही आलं, आणि आज मोठे गेम मॅकवर चालतात त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

यातून एक त्रास समजून घेता येतो, जो पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येकाला होतो. गेम झकास पळत असतो, तुम्ही नव्या भागात शिरता, आणि क्षणभर सगळं गोठतं. पाणी, धूर, धातूवरची चमक, यांतल्या प्रत्येकासाठी शेडर नावाचे छोटे प्रोग्राम असतात. गेमबरोबर ते डायरेक्टएक्सच्या रूपात येतात. तो धूर पहिल्यांदा पडद्यावर यायचा म्हटलं की त्याचा शेडर आधी मेटलसाठी बदलावा लागतो, मग तुमच्या चिपसाठी तयार करावा लागतो. तेवढा वेळ चित्र अडकतं. तयार झालेला शेडर साठवून ठेवला जातो, म्हणून दुसऱ्यांदा तिथून जाताना झटका बसत नाही. तेव्हा पहिल्या अर्ध्या तासावरून गेमला नावं ठेवू नका.

अख्खं विंडोजच आत आणायचं तर

दुसरी पद्धत व्हर्च्युअल मशीनची. मॅकओएसच्या एका खिडकीत पूर्ण विंडोज ११ चालवायचं. पॅरलल्स डेस्कटॉप यात सगळ्यात सोपं आणि पैसे घेणारं. व्हीएमवेअर फ्यूजन २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी आणि मग सगळ्यांसाठीच फुकट झालं. यूटीएम मुक्त आहे, पण गेमच्या कामाचं नाही. विंडोजचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की आत चालतं ते एआरएमसाठीचं विंडोज, दुकानातल्या लॅपटॉपवर असतं ते नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्सवर ते चालवायला अधिकृत मान्यता दिली. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम चालवायला या विंडोजचा स्वतःचा भाषांतरकार आहे, म्हणजे रोझेटाचं काम इथे विंडोजच करतं. हिशेबाचे, कार्यालयीन, शिकवणीचे प्रोग्राम यात छान चालतात. टॅलीप्राइम फक्त विंडोजसाठी आहे, आणि मॅकवर ते हवं असेल तर हीच वाट धरावी. नाहीतर टॅलीची क्लाउडवरची सोय आहे, ती ब्राउझरमधून वापरता येते. जीएसटीचं रिटर्न ऑफलाइन टूलही विंडोजचंच.

गेमसाठी मात्र ही वाट सहसा कमी पडते. पॅरलल्स डायरेक्टएक्स ११ पर्यंतच नेतं, आणि मेमरी दोन ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वाटली जाते. एम मॅकमध्ये चिप आणि ग्राफिक्स एकच मेमरी वापरतात, म्हणून ८ जीबीच्या मॅकवर व्हर्च्युअल मशीन म्हणजे दोघांचीही उपासमार. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने मॅकबुक एअरची सुरुवातही १६ जीबीपासून केली. सेकंडहँड घेताना हा आकडा आधी बघा, रंग नंतर.

तळाशी गेलं की वाट संपते

आता व्हॅलोरंट. त्यात 'व्हॅनगार्ड' नावाचा पहारेकरी आहे, फसवाफसवी करून खेळणाऱ्यांना पकडायला. तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतो, संगणक सुरू होतानाच. वाइनने नक्कल केली आहे ती वरच्या थरातल्या मागण्यांची. तळाशी विंडोजचा कर्नल नाही, मॅकओएसचा आहे. व्हॅनगार्डला जिथे बसायचं ती जागाच इथे नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नल विंडोजचा असतो, पण यंत्र खरं नाही हे कळताच असे पहारेकरी दार लावून घेतात, कारण फसवणारेही त्याच मार्गाने येतात. यावर जुगाड सांगणारे व्हिडिओ सापडतील. त्यांच्या नादी लागलात तर खातं कायमचं जायची भीती.

एकाच गेममध्येही ही रेघ दिसते. जीटीए ५ च्या ऑनलाइन भागासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये 'बॅटलआय' हे असंच पहारा देणारं सॉफ्टवेअर आलं. लाँचरमध्ये ते बंद करून कथेचा भाग खेळता येतो, ऑनलाइनला तेवढं पुरत नाही. गेम तोच, चित्रं तीच, अडतं ते पहाऱ्यापाशी.

कामाच्या प्रोग्रामनाही हाच नियम लागतो आणि तिथे तो जास्त महागात पडतो. यूएसबी डाँगल लावल्याशिवाय न उघडणारं सॉफ्टवेअर घ्या. आपल्याकडच्या छपाईच्या आणि डीटीपीच्या धंद्यात अशी कुलपं वर्षानुवर्षं वापरात आहेत. सॉफ्टवेअर स्वतः साधं असतं, एआरएमच्या विंडोजवर सहज चालेल असं. पण डाँगलला ड्रायव्हर लागतो, आणि एआरएमचं विंडोज इंटेलच्या प्रोग्रामचं भाषांतर करतं, इंटेलच्या ड्रायव्हरचं करत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठी लिहिलेलाच हवा. तो कंपनीने काढला नसेल तर कुलूप उघडत नाही, आत सॉफ्टवेअर कितीही तयार असो. जुने प्रिंटर, स्कॅनर, प्रयोगशाळेतली यंत्रं, सगळ्यांची हीच कथा. ई-निविदा भरायला आणि रिटर्नवर सही करायला लागणारं डिजिटल सहीचं टोकन असेल तर विंडोजच्या भानगडीत पडण्याआधी त्या टोकनचं मॅकसाठी सॉफ्टवेअर मिळतं का ते विचारा. काही कंपन्या देतात.

मग करायचं काय

सगळ्यात आधी मॅकची आवृत्ती शोधा. ऐकायला वेडगळ वाटेल, पण कित्येक जण हे करतच नाहीत. 'बाल्डर्स गेट ३' २०२३ पासून, 'सायबरपंक २०७७' जुलै २०२५ पासून मॅकसाठी रीतसर मिळतात. एक्सेल, वर्ड, ऑटोकॅड, कोरलड्रॉ मॅकवर आहेतच. ॲक्टिव्हएक्स या विंडोजच्याच तंत्रावर बेतलेल्या एक्सेल फाइली मात्र मॅकच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत.

नसेल तर 'ॲपल गेमिंग विकी' किंवा कोडवीव्हर्सची यादी उघडून आपल्या गेमसमोर काय लिहिलंय ते वाचा. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावरचे शेरे लिनक्सचे असतात, तिथे हिरवं दिसलं म्हणजे मॅकवर चाललंच असं नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमसाठी बॉटलमध्ये विंडोजचं स्टीम टाकावं लागतं, कारण मॅकच्या स्टीममध्ये फक्त मॅकचे गेम उतरवता येतात. एकाच मॅकवर दोन्ही स्टीम सुखाने नांदतात. जागेचं मात्र बघा. मोठा गेम १०० जीबी सहज खातो, आणि मॅकची डिस्क मागाहून वाढवता येत नाही. बाहेरची चांगली एसएसडी हा त्यावरचा स्वस्त इलाज.

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं वेगळं आहे. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स विंडोजचेच आहेत, आणि एआरएमच्या विंडोजवर ते चालवण्याला अधिकृत आधार नाही. पाच वर्षांचा अभ्यासक्रम अशा तारेवर काढायचा नसतो. विंडोजचा लॅपटॉप घ्या. मॅक आधीच घेतला असेल तर कॉलेजात किंवा घरी असलेल्या विंडोजच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज ॲप'मधून दुरून काम करा. काम तो करतो, मॅक फक्त पडदा दाखवतो. घरात गेमिंगचा संगणक असेल तर 'स्टीम लिंक'ने गेमही असेच मॅकवर आणता येतात.

पुढचं एक मात्र आत्ताच लक्षात ठेवा. ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय की रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील. त्यानंतर ज्यांच्याकडे आता कुणी बघत नाही अशा जुन्या गेमांसाठी त्यातला काही भाग ठेवणार आहेत. वाइन आज रोझेटाच्या खांद्यावर उभं आहे. जानेवारी २०२५ मधल्या वाइन १० ने एआरएमवरच इंटेलचे प्रोग्राम चालवायची तयारी बरीच पुढे नेली, पण मॅकवर एक वेगळीच अडचण आहे. विंडोजचे प्रोग्राम मेमरी ४ केबीच्या तुकड्यांत मिळेल असं धरून चालतात, आणि मॅकचे एआरएम प्रोग्राम ती १६ केबीच्या तुकड्यांत घेतात. रोझेटाखाली ४ केबी मिळतात म्हणून आज हे जाणवत नाही. तेव्हा मॅकओएस २८ चं अपडेट समोर येईल त्या दिवशी लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. आधी क्रॉसओव्हरच्या नव्या आवृत्तीत काय म्हटलंय ते वाचा.